दहा सेंटांचं पॉलिश आणि एक सही

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. मुलांच्या पुस्तकांसाठी मंडळाने यंदा नवं कपाट घेतलं, आणि मी रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, म्हणून समितीने मला मुलांच्या वाचनाबद्दल बोलायला सांगितलं. सगळ्या वाचनाबद्दल बोलायचं तर दिवस पुरणार नाही. मी एकाच पुस्तकाबद्दल बोलते, ‘रॅगेड डिक’. ते इथलं, अमेरिकेतलं आहे, इंग्रजीतलं आहे आणि दीडशे वर्षांहून जुनं आहे.

फेब्रुवारीत बर्फामुळे शाळा बंद होती, तेव्हाची गोष्ट. माझी नात अकरा वर्षांची. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचत होती आणि मी पोळ्या लाटत होते. मधेच तिने विजेच्या बिलाचं पाकीट ओढलं, मागच्या बाजूला पेन्सिलीने उभी रेघ मारली आणि दोन्ही बाजूंना आकडे लिहायला लागली. मला वाटलं, गणिताचा अभ्यास असेल. वाकून बघितलं तर एका बाजूला दहा, दहा, पंचवीस असे आकडे होते आणि दुसऱ्या बाजूला पंधरा, त्याभोवती गोल. विचारलं, तर म्हणाली, “आजी, त्याला पंधरा सेंट परत द्यायचेत. तो जाईल ना द्यायला?”

हा ‘तो’ म्हणजे पुस्तकाचा नायक रॅगेड डिक, म्हणजे फाटका डिक. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बूट पॉलिश करणारा चौदा वर्षांचा अनाथ मुलगा. होरेशियो अल्जर यांनी त्याची गोष्ट 1867 साली एका मुलांच्या मासिकात क्रमशः लिहिली आणि 1868 साली बोस्टनच्या लोरिंग या प्रकाशकाने तिचं पुस्तक काढलं. अल्जर यांनी पुढे याच साच्यात शंभराच्या आसपास पुस्तकं लिहिली. गरीब मुलगा कष्ट करतो, खरेपणा सोडत नाही, आणि शेवटी त्याचं नशीब उघडतं. इंग्रजीत आजही कुणी शून्यातून वर आलं की अल्जर यांचंच नाव घेतात. आपण म्हणतो, रंकाचा राव झाला.

आता त्या पंधरा सेंटांविषयी. डिक एका गृहस्थाचे बूट चमकवतो. दर दहा सेंट. गृहस्थ पंचवीस सेंट देतात, डिककडे सुटे नसतात आणि गृहस्थांना घाई असते. ते म्हणतात, उरलेले माझ्या फुल्टन स्ट्रीटवरच्या कचेरीत आणून दे. पोरगा येईल याची त्यांना फारशी खात्री नसते. माझ्या नातीला मात्र तोच एक घोर लागला होता. नंतर डिक खरोखर जातो आणि पैसे देतो. ते वाचल्यावर तिने पाकिटावरचा तो पंधराचा आकडा खोडला, इतका जोर लावून की कागद फाटला.

मंडळी, मी ते पाकीट जपून ठेवलंय. कारण ही जुनी पुस्तकं मुलांना का धरून ठेवतात, हे मला त्या पाकिटाने सांगितलं. आपण मोठी माणसं समजतो की मुलांना श्रीमंतीचं आकर्षण आहे, बंगला हवा, गाडी हवी. पण या पुस्तकात श्रीमंती जवळजवळ नाहीच. शेवटी डिकला मिळते ती आठवड्याला दहा डॉलरची कारकुनी! लक्षाधीश वगैरे तो होत नाही. मुलं वाचतात ते वेगळंच काहीतरी. एकेका सेंटाचा हिशेब, आणि कालच्यापेक्षा आज थोडं बरं, हे डोळ्यांनी मोजता येणं.

पुस्तक उघडतं तेव्हा डिक स्प्रूस स्ट्रीटवर लाकडी खोक्यात, गवतात झोपलेला असतो. एक हमाल त्याला उठवतो. अंगावर फाटका, अघळपघळ कोट. विचारलं तर म्हणतो, हा जॉर्ज वॉशिंग्टनचा कोट आहे, लढाईत घातलेला, म्हणून फाटलाय. आणि पँट फ्रान्सच्या सम्राट लुई नेपोलियनने पाठवली. हा पोरगा गुणी बाळ नाही बरं का. सिगार ओढतो, ओल्ड बोअरी थिएटरला जाऊन हातातले पैसे उडवतो, जुगारही खेळतो. पण चोरी करत नाही. आणि त्याची जीभ अशी चुरूचुरू चालते की मुलं पहिल्या पाच पानांत त्याची होतात. नुसत्या उपदेशाचं पुस्तक असतं तर माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने दुसरं प्रकरण वाचलं नसतं.

मग एक व्यापारी आपल्या पुतण्याला शहर दाखवण्यासाठी डिकला बरोबर देतात, एक चांगला कपड्यांचा जोड देतात आणि निघताना पाच डॉलर देतात. पूर्वीचा डिक असता तर ते पाच डॉलर थिएटरात गेले असते. पण तो बचत बँकेत जातो. तिथे सही करायची असते. त्याला लिहिता येत नाही म्हटलं तरी चालेल. कसंबसं नाव काढतो, अक्षरं लोळणारी, वेडीवाकडी.

या सहीपाशी मी मुलांना थांबवते. आमच्या वर्गात तेरा मुलं आहेत. त्यांतली निम्मी वर्गात आली तेव्हा स्वतःचं नाव देवनागरीत लिहू शकत नव्हती. जोडाक्षर आलं की हात अडायचा. डिकची ती सही वाचताना वर्ग एकदम शांत झाला. ज्याला नाव लिहायला येत नाही, त्याला आत काय वाटतं, हे त्या मुलांना मी सांगायची गरजच नव्हती.

पुढे डिक मॉट स्ट्रीटवर आठवड्याला एक डॉलर भाड्याने खोली घेतो. अरुंद, कळकट खोली, पण दाराला कडी. मग त्याला फॉस्डिक भेटतो, बारा वर्षांचा, बुजरा. त्याचे वडील छापखान्यात कामाला होते, ते बुडून गेले. हाही बूट पॉलिशच करतो, पण भिडस्त असल्यामुळे त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. त्याला लिहिता-वाचता येतं, डिकला येत नाही. तेव्हा सौदा ठरतो. तू माझ्या खोलीत राहा, भाडं मी देतो, तू मला शिकव. दिवसभर रस्त्यावर राबून दोघं पोरं रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन बसतात. मला विचाराल तर सगळ्या पुस्तकाचं काळीज इथे आहे.

आपल्यापैकी कित्येकांना हे ओळखीचं वाटेल. माझे वडील साताऱ्याकडचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली ठेवणारं वसतिगृह चालवलं. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. मुलं शेतात खपायची, स्वतः रांधायची आणि शिकायची. कमवा आणि शिका. वडील म्हणायचे, तिथे थोरल्याने धाकट्याला अक्षर शिकवायचं, हे कुणी सांगावं लागत नसे. फॉस्डिक आणि डिकची खोली मी वाचली तेव्हा मला वडिलांचं बोलणं आठवलं.

एक फरक मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे गरिबीतून वर येण्याच्या गोष्टी बहुतेक आत्मचरित्रांत आल्या, आणि त्या पैशापाशी संपत नाहीत. महर्षी कर्वे मुरूडहून साताऱ्याला चालत गेले, शंभरावर मैल, कशासाठी तर सहावीच्या परीक्षेसाठी. तिथे वय कमी दिसतं म्हणून त्यांना बसू दिलं नाही! हा प्रसंग त्यांनी 1915च्या ‘आत्मवृत्ता’त लिहिलाय. माधुकरी मागून, वार लावून जेवून शिकलेल्यांच्या हकिकती आपण घराघरात ऐकल्या. आपल्या गोष्टींचा मुक्काम विद्या. अमेरिकेच्या गोष्टींचा मुक्काम चांगली नोकरी, मान, नीटनेटके कपडे. इथे वाढणाऱ्या मुलांना दोन्ही वाटा माहीत हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

आता शेवटाकडे येते, कारण सगळ्यात जास्त टीका शेवटावर होते. डिक आणि फॉस्डिक ब्रुकलिनच्या फेरीबोटीवर असतात. एका श्रीमंत माणसाचा लहान मुलगा पाण्यात पडतो. बाप आक्रोश करतो, जो वाचवेल त्याला हजार, दहा हजार, माझ्याकडचं काहीही देईन. डिकने ते ऐकण्याआधीच उडी मारायचं ठरवलेलं असतं. मुलगा वाचतो. बाप त्याला दुसऱ्या दिवशी कचेरीत बोलावतो. लोक म्हणतात, हा काय शेवट, नशिबाने उडी घातली आणि पोराचं भलं झालं.

पण कचेरीत काय होतं ते बघा. त्या मुलाचा बाप दहा हजार डॉलर मोजत नाही. तो डिकच्या हातात लेखणी देतो आणि सांगतो, लिहून दाखव. डिक लिहितो आणि अक्षर चांगलं येतं. त्यावर आठवड्याला दहा डॉलर ठरतात. तीन डॉलरची नोकरी मिळाली असती तरी तो खूश झाला असता. नदीने त्याला दारापर्यंत नेलं, आणि आत नेलं त्या मॉट स्ट्रीटच्या संध्याकाळींनी. बँकेतल्या त्या लोळणाऱ्या सहीपासून इथपर्यंत अक्षर कसं आलं, हे मुलं पानोपानी बघत आलेली असतात. म्हणून त्यांना शेवट खोटा वाटत नाही. मोठ्यांना वाटतो, कारण आपल्याला फक्त नदी आठवते.

पालकांशी दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. पहिली लेखकाबद्दल. अल्जर आधी धर्मोपदेशक होते, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रूस्टर गावी. 1866 साली तिथल्या चर्चच्या समितीने त्यांच्यावर लहान मुलांवर अत्याचार केल्याचा ठपका ठेवला. त्यांनी तो नाकारला नाही. ते गाव सोडून न्यूयॉर्कला आले. चर्चने गवगवा केला नाही, त्यामुळे हे एक शतकभर दडून राहिलं आणि 1970च्या सुमारास उजेडात आलं. त्यांचं 1928 साली आलेलं चरित्र तर बनावट होतं. लिहिणाऱ्यानेच पुढे तशी कबुली दिली, पण तोवर अनेकांनी ते खरं धरून लिहिलं होतं. माझं मत असं, की हे लपवू नये. अकरा वर्षांच्या मुलाला सगळं सांगायची गरज नाही, पण आईवडिलांना माहीत हवं. पुस्तक हातात द्यायचं की नाही, हा निर्णय तुमचा. मी नातीला दिलं, आणि आमच्या घरात लेखकाला थोर पुरुष म्हणून भिंतीवर लावलं नाही.

दुसरी गोष्ट एका प्रश्नाची. पुस्तकात जॉनी नोलन नावाचा मुलगा आहे. तोही बूट पॉलिश करतो, पण त्याला चपळाई नाही, आणि बाप दारुडा. पुस्तकाच्या सुरुवातीला डिक त्याला स्वतःच्या पैशाने न्याहारी देतो. वर्गातल्या एका मुलाने विचारलं, “जॉनीचं पुढे काय होतं? त्याने का नाही उडी मारली?” मी म्हटलं, तो त्या बोटीवर नव्हता. मुलगा म्हणाला, “म्हणजे मग बोटीवर असणं हेच महत्त्वाचं.” काय उत्तर देणार! ज्याला फॉस्डिक भेटला नाही, ज्याला पाच डॉलर देणारं कुणी भेटलं नाही, त्याच्या गरिबीचा दोष त्याच्याच माथी मारण्यासाठी अल्जर यांचं नाव इथे पुष्कळदा वापरलं गेलंय. ते मला पटत नाही. पण आमच्या वर्गात तो प्रश्न पुस्तक वाचूनच आला, पुस्तक बाजूला ठेवून आला नसता.

मुली विचारतात, मुलगी कुठाय? 1871 साली अल्जर यांनी ‘टॅटर्ड टॉम’ लिहिलं. त्यातली टॉम म्हणजे मुलाच्या वेषातली मुलगी, रस्त्याचे चौक झाडणारी. सुरुवातीला ती इतकी धीट आहे की वाचताना आनंद होतो. मात्र तिला शेवटी श्रीमंत आई सापडते, अक्षर नाही, नोकरी नाही. माझ्या नातीला ते अजिबात आवडलं नाही, आणि तिचं बरोबर आहे.

मे महिन्यात आम्ही वर्गातल्या मुलांना घेऊन स्प्रूस स्ट्रीटवर गेलो होतो. ब्रुकलिनच्या पुलाजवळ, सिटी हॉलच्या बागेला लागून ही छोटीशी गल्ली आहे. गवताचं खोकं तिथे कशाला असणार, आता काचेच्या इमारती आहेत. पण वर्तमानपत्रं विकणाऱ्या पोरांसाठी 1854 साली चिल्ड्रन्स एड सोसायटी या संस्थेने जे वसतिगृह काढलं, जिथे सहा सेंटांत रात्रीची गादी मिळायची, ते याच भागात होतं. अल्जर तिथे जाऊन बसत आणि मुलांच्या हकिकती ऐकत. हे सांगत होते, तेवढ्यात नात गायब! बघते तर ती फुटपाथवर उकिडवी बसून वही मांडीवर घेऊन लिहीत होती. वर इंग्रजीत गल्लीचं नाव, तारीख. खाली देवनागरीत स्वतःची सही. तिच्या नावात एक जोडाक्षर आहे. ते तिने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा नीट काढलं.

पुढच्या रविवारी आम्ही हे पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतोय. सत्तावीस प्रकरणं आहेत, रविवारी एक या हिशेबाने सहा महिने पुरतील. वाचन इंग्रजीत, बोलणं मराठीत. मोठ्यांनी यायला हरकत नाही. येताना एक वही आणि पेन्सिल आणा.