धिरड्याच्या वाटेने फ्रेंच टोस्ट

नमस्कार श्रोतेहो.

श्रावण चालू आहे, बाहेर झड लागली आहे, आणि तुमच्या डब्यात परवाचा ब्रेड शिल्लक आहे असं मी धरून चालते. असेल तर टाकू नका, कारण आज मी त्याच ब्रेडबद्दल बोलणार आहे. फ्रेंच टोस्ट करायचा, अंडं न घालता, आणि तोही ओव्हनमध्ये. तव्यावर एका वेळी दोन होतात. ओव्हनमध्ये सगळ्या घराचे एकदम होतात, आणि करणारीलाही सगळ्यांबरोबर गरम खायला मिळतात. मला हा पदार्थ आवडायला लागला तो याच कारणाने.

पण आधी एक गोष्ट सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीची पहिली मंगळागौर आमच्याकडे साताऱ्याला झाली. सकाळी पूजा, दुपारी मुक्यानं जेवण, आणि रात्री जागरण. फुगडी झाली, झिम्मा झाला, पिंगा झाला, लाट्या झाल्या. आमच्या घरच्या आणि शेजारच्या बायकाच खेळल्या. हल्ली खेळणाऱ्यांचा गट पैसे देऊन बोलावतात आणि घरच्या बायका खुर्च्यांवर बसून बघतात. मला ते अजिबात पटत नाही. मंगळागौर अंगातून घाम निघण्यासाठी असते. गुडघे दुखत असतील तर टाळ्या वाजवा, गाणी म्हणा, पण उठून रिंगणात या. असो.

तर त्या रात्री पुतणीची एक मैत्रीण बंगळूरूहून आली होती. ती दूध, दही, तूप, काहीच खात नव्हती. वीगन. रात्रीच्या फराळाला मटकीची उसळ होती, ती तिनं खाल्ली. पण सँडविचना लोणी लावलेलं, खीर दुधाची, लाडू तुपातले. तिनं एक केळं घेतलं, मूठभर शेंगदाणे घेतले आणि हसत म्हणाली, "काकू, माझं झालं." माझ्या ते जिव्हारी लागलं. रात्रभर आमच्याबरोबर फुगड्या घालणारी मुलगी आमच्याच घरी अर्धपोटी राहिली.

पहाटे पाच वाजता अकरा जणी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. भूक भूक. सँडविचसाठी आणलेल्या बेकरीच्या ब्रेडचे तीस स्लाइस उरले होते. श्रावणात आमच्याकडे अंडं घरात येत नाही. मी म्हटलं, बेसनात बुडवून ओव्हनमध्ये टोस्ट करू. घाईघाईनं बेसन, दूध, साखर कालवलं, गार ट्रेवर सहा स्लाइस मांडले आणि ट्रे आत ढकलला.

वीस मिनिटांनी बाहेर काढला तर टोस्ट ट्रेला चिकटून बसलेले. उलथन्यानं काढायला गेले तर वरचा पाव हातात आणि खालचा थर ट्रेवर. चव घेतली तर बेसन कच्चट लागत होतं, आणि आतून पाव गिळगिळीत.

आमच्या आत्याबाई, माझ्या यजमानांच्या आत्या, तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या, कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. ओव्हन त्यांनी आयुष्यात वापरलेला नाही. त्यांनी तो ट्रे मागवून घेतला, खालचा चिकटलेला थर बोटानं चाचपून पाहिला आणि मला विचारलं, "धिरड्याचं पीठ भिजवतेस ते लगेच घालतेस का गं?"

म्हटलं, "नाही आत्याबाई, थोडं ठेवते."

"आणि तवा तापायच्या आधी घालतेस?"

"नाही."

"मग इथं का घातलंस?"

श्रोतेहो, मी चाळीस वर्षं धिरडी घालते आहे. पीठ मुरू द्यायचं, तवा आधी सणसणीत तापवायचा, हे माझ्या हाताला माहीत आहे. पण समोर ओव्हन आला, पदार्थाला परदेशी नाव आलं, आणि मी ते सगळं बाहेर ठेवून आत शिरले. आत्याबाईंनी मला दोन प्रश्नांत परत घरात आणलं.

मग दुसऱ्यांदा सुरुवात केली. आणि आत्याबाईंनीच दुसरीही गोष्ट सुचवली. ओटीचे नारळ ढीगभर पडले होते. त्या म्हणाल्या, "ती पोर दूध घेत नाही ना, मग सगळ्यांनाच नारळाचं दूध घाल. एकीचं वेगळं कशाला?" तीन नारळ फोडले. पुतणी रात्रीचा शालू खोचून खोवणीवर बसली, तिच्या जावेनं मिक्सर लावला, मी दूध गाळलं. त्यात बेसन कालवून पंधरा मिनिटं झाकून ठेवलं. तोवर ओव्हन तापला, आणि रिकामे ट्रे आतच तापत राहिले.

आता मांडायला घेतले तेव्हा पहिला स्लाइस ट्रेवर पडताच चर्र असा आवाज आला. तो आवाज आला आणि आत्याबाई म्हणाल्या, "आता होणार." वरखाली दोन ट्रे, एकात सहा, म्हणजे बारा. दोन घाण्यांत चोवीस टोस्ट झाले. कडा कुरकुरीत, मधला भाग मऊ, रंग खरपूस. ती बंगळूरूची मुलगी ओट्याशी उभी राहून विचारत होती, "यातले माझे कुठले?" पुतणी म्हणाली, "सगळेच." त्या मुलीनं चार खाल्ले. मी मोजले.

आता कृती. थोडक्यात सांगते, बाकी तुम्हाला येतंच.

आठ स्लाइसना पाऊण वाटी बेसन, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, दोन वाट्या दूध, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, चिमूटभर हळद, जायफळ किंवा वेलची. दूध गाईचं, सोयाचं, नारळाचं, जे चालत असेल ते. पीठ धिरड्यापेक्षा पातळ ठेवायचं. आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. पुन्हा सांगते, पंधरा मिनिटं. बेसनाला पाणी प्यायला वेळ लागतो. तो दिला नाही तर ते कच्चट लागतं आणि तळाशीही बसतं, म्हणून बुडवण्याआधी दर वेळी ढवळा.

ओव्हन 200 अंशांवर, वरचा आणि खालचा दोन्ही कॉइल चालू. ट्रेला दोन चमचे तेल लावा आणि ट्रेसकट दहा मिनिटं तापू द्या. ट्रे आधी तापवा. हेही पुन्हा सांगते, ट्रे आधी तापवा. स्लाइस दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेकंद बुडवा, निथळा, ट्रेवर मांडा. बारा मिनिटांनी उलटा, मग आणखी आठ मिनिटं. दोन ट्रे असतील तर उलटताना वरचा खाली आणि खालचा वर करा.

ब्रेड शिळाच हवा. ताजा, लुसलुशीत ब्रेड पिठात पडला की विरघळतो. शिळा ब्रेड दूध पितो आणि आकार सोडत नाही. फ्रान्समध्ये या पदार्थाचं नावच 'पँ पेर्द्यू' आहे, म्हणजे वाया गेलेला पाव.

मला काही जण म्हणतात, अंड्याशिवाय तो फ्रेंच टोस्ट कसला? त्यांना मी दोन गोष्टी सांगते. एका जुन्या रोमन पाककृतीसंग्रहात याच जातीची कृती आहे. पांढऱ्या पावाच्या कडा काढा, मोठे तुकडे करा, दुधात भिजवा, तळा, वर मध ओता. मूळ लॅटिन मजकुरात अंड्याचं नाव नाही. आणि दुसरी गोष्ट, आपल्या प्रत्येक घरात असलेली कस्टर्ड पावडर. ती बिनअंड्याचीच असते, आणि तिचा जन्मही त्याच गरजेतून झाला. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं, म्हणून 1837 साली त्यानं तिच्यासाठी कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड तयार केलं. मला ही गोष्ट फार आवडते. घरातलं एक माणूस पानावर मागे राहू नये म्हणून कुणीतरी पीठ घेऊन बसलं. कॉर्नफ्लोअरच्या जागी तुम्ही ही पावडर घातलीत तरी टोस्ट उत्तम होतो.

यात अंडं काय करतं? 60 अंशांच्या पुढे घट्ट व्हायला लागतं आणि पावात शिरलेलं दूध धरून ठेवतं. बेसन आणि कॉर्नफ्लोअरमधला स्टार्चही साधारण तेवढ्याच उष्णतेला फुगतो आणि तेच काम करतो. कुणाला अंड्याचा वासच हवा असेल तर तिखटामिठाचा टोस्ट करा, साखरेऐवजी हिरवी मिरची आणि कोथिंबीर घाला आणि वरून काळं मीठ भुरभुरवा. त्यातल्या गंधकामुळे तो वास येतो.

वीगन पाहुणे असतील तर ब्रेडच्या पाकिटावरचा मजकूर वाचा, काही ब्रेडमध्ये दुधाची पावडर असते. वरून मधही चालत नाही, तिथं काकवी घ्या. गूळ मात्र पिठातल्या गाईच्या दुधात घालू नका, तापल्यावर दूध फाटायची भीती असते.

आणि एक विनंती. पुष्कळ घरांत ओव्हन असतो आणि त्यात खारीचे पुडे आणि जास्तीचे डबे ठेवलेले असतात. ते आज बाहेर काढा. एवढं महागाचं यंत्र कपाट म्हणून वापरलेलं बघितलं की मला खरंच वाईट वाटतं.

एक सांगायचं राहिलं. टोस्ट झाल्यावर पातेल्यात थोडं पीठ उरतंच. त्या पहाटेही उरलं होतं. आत्याबाई पाव कधीच खात नाहीत, लहानपणापासून नाही. आम्ही सगळ्या टोस्ट खात होतो आणि त्या नुसत्या बघत होत्या. तेवढ्यात ती बंगळूरूची मुलगी उठली, तिनं गॅसवर तवा ठेवला आणि मला खुणेनं विचारलं, तापला का? मी हात धरून पाहिला, म्हटलं, तापला. तिनं उरलेलं पीठ तव्यावर ओतलं, वाकडंतिकडं पसरलं, उलटलं, वर काकवी घातली आणि ताटली आत्याबाईंच्या हातात दिली.

आत्याबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "अजून आहे का पीठ?"

नमस्कार.