बीपीचा आकडा आणि दंडावरचा पट्टा

(ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘रक्तदाबाचे आकडे आणि त्यांचा अर्थ’. अर्थाकडे मी येणारच आहे. पण अर्थ लावण्याआधी आकडा खरा आहे का ते बघावं लागतं, आणि आपल्याकडे घोटाळा तिथेच होतो. केसपेपरवर १४८/९२ लिहिलं गेलं की गोळी सुरू होते, पुढच्या खेपेला वाढते, घरात लोणच्याची बरणी वरच्या फळीवर जाते. तो आकडा घेतला कसा, हे मात्र कुणी विचारत नाही.

तुमच्यापैकी किती जणांच्या दंडाचा घेर आजवर कुणी टेपने मोजलाय? हात वर करा बघू. शिंप्याने मोजलेला धरायचा नाही! दोन हात दिसतायत. बीपी मोजून घेतलेलं आहे जवळजवळ सगळ्यांनी, आणि दंड मोजलाय दोघांचा. आज मला प्रामुख्याने बोलायचंय ते ह्याच गोष्टीवर.

दंडावर गुंडाळतो त्या पट्ट्याच्या आत रबराचा फुगा असतो. तो धमनी दाबून बंद करतो, मग हवा हळूहळू सोडायची आणि रक्त पुन्हा कधी वाहू लागतं ते पाहायचं. फुगा दंडाच्या मानाने अरुंद किंवा आखूड असला तर त्याचा दाब मांसातून धमनीपर्यंत पुरता पोहोचत नाही. धमनी बंद करायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खोटा वर जातो. नियम साधा आहे: फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि लांबी ८० टक्के.

ही चूक पट्ट्याइतकीच जुनी आहे. इटलीतल्या तुरिन शहरात शिपिओने रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडावर बांधायचा पट्टा आणला. तो होता सुमारे ५ सेंटिमीटर रुंद, त्यामुळे दाब जास्त दाखवायचा. पाचच वर्षांत, १९०१ मध्ये, जर्मनीच्या फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी हे दाखवून दिलं आणि पट्टा रुंद केला. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायची रीत सांगितली. पहिला टकटक आवाज आला तो वरचा आकडा, आवाज पुरता नाहीसा झाला तो खालचा. त्यांचं टिपण एक पानभरही नव्हतं. म्हणजे पट्ट्याच्या रुंदीचा प्रश्न स्टेथोस्कोपच्याही आधी सुटलेला आहे, आणि तरी आज कित्येक दवाखान्यांत एकच पट्टा असतो. तोच पहिलवानाला आणि तोच वाळलेल्या आजींना.

फरक किती पडतो? अमेरिकेत बाल्टिमोरला झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांचं बीपी नेहमीच्या पट्ट्याने घेतलं, तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. जवळजवळ वीस! १२५ चा माणूस १४४ चा होतो आणि गोळी घेऊन घरी जातो. ज्यांना त्याच्या खालचं माप हवं होतं, त्यांच्यात फरक पाचेकचा होता. उलटंही घडतं: बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला तर आकडा कमी दिसतो, आणि खरोखर बीपी असलेली बाई ‘नॉर्मल’ म्हणून परत जाते. आपल्याकडे दोन्ही प्रकारचे दंड एकाच रांगेत उभे असतात, म्हणून मला याचं जास्त वाटतं.

घर कसा मोजायचा—क्षमा करा, घेर कसा मोजायचा ते सांगतो. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर टेप फिरवा, न आवळता. घरगुती यंत्राबरोबरच्या पट्ट्यावर बहुधा २२–३२ सेंटिमीटर छापलेलं असतं. तुमचा घेर ३४ असेल तर दुकानदाराकडे मोठा पट्टा मागा, आणि तो त्याच कंपनीचा, त्याच यंत्राला चालणारा घ्या. दुसऱ्या कंपनीचा जोडू नका. यंत्राचं गणित स्वतःच्या पट्ट्यावर बेतलेलं असतं. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या वर दोन-तीन सेंटिमीटर, फुग्याचा मध्य धमनीवर, आणि आत दोन बोटं जातील इतका सैल.

आता बाही. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिच्याखाली पट्टा बांधतात, फुल शर्टाची गुंडाळी दंडावर आवळून ठेवतात. त्या वळकटीनेच धमनी थोडी दाबली जाते. बाही काढता येत नसेल, तर पातळ कापडाच्या एका थरावरून पट्टा बांधलेला परवडला, पण आवळलेली वळकटी नको.

हात कुठे ठेवायचा, हाही असाच दुर्लक्षित मुद्दा. पट्टा हृदयाच्या पातळीला, म्हणजे छातीच्या हाडाच्या मध्यावर हवा. पट्टा दहा सेंटिमीटर खाली गेला की आकडा सात-आठने वाढतो, कारण तेवढ्या रक्ताच्या स्तंभाचं वजन त्यात मिळतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हेच मोजून दाखवलं: हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने जास्त, बाजूला लोंबकळता ठेवला तर ६.५ ने. आपल्या ओपीडीत स्टूल असतं. पाठीला टेका नाही, हात टेकायला टेबल नाही, पाय अधांतरी. शिवाय पेशंट दोन जिने चढून आलेला, बाहेर चहा घेतलेला, लघवी तुंबलेली, आणि मोजताना डॉक्टरच विचारतायत, “काय काका, गावी जाऊन आलात?” बोलण्याने आकडा वाढतो, तुंबलेल्या लघवीनेही वाढतो. पाच मिनिटं गप्प बसणं, अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, व्यायाम नाही, पाठ टेकलेली, पावलं जमिनीला, मांडीवर मांडी नाही. याला पैसा लागत नाही. पाठ असलेली खुर्ची आणि पाच मिनिटं लागतात.

जाता जाता आणखी एक. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात. तुमच्या फाइलमधले सगळे आकडे १४०/९०, १३०/८०, १५०/९० असे शून्यानेच संपत असतील, तर ते अंदाजाने लिहिलेत असं समजा. हवा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरने सोडली तर १३८ आणि १४२ वेगळे दिसतात. भसकन सोडली तर दिसत नाहीत.

औषधांत आपण मागे नव्हतो, हेही सांगायला हवं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा अनुभव मांडला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. पुढे तिच्यातून रेसरपिन हे बीपीचं औषध निघालं, आणि डॉ. वकील यांना १९५७ मध्ये वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आज स्वस्त, चांगल्या गोळ्या हाताशी आहेत. म्हणूनच त्या कुणाला द्यायच्या हे ठरवणारा आकडा नीट हवा. बीपी कोणत्या आकड्याखाली आणावं हे ज्या मोठ्या अभ्यासांवरून ठरलं, त्यांत पट्टा मापाचा होता आणि माणूस पाच मिनिटं शांत बसवलेला होता. ते आकडे आपण घाईत, स्टुलावर घेतलेल्या मोजणीला लावतो आणि औषध जास्त देऊन बसतो.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. पत्रिकेवरचा विषय आता भराभर घेतो.

वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. दवाखान्यात नीट घेतलेला, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा आलेला १४०/९० किंवा त्याहून जास्त म्हणजे उच्च रक्तदाब. दोन्हींपैकी एक जरी वर असला तरी तो धरायचा. अमेरिकेने २०१७ पासून ही रेघ १३०/८० वर आणली. आपल्या सरकारी कार्यक्रमात निदान १४०/९० वरच होतं. धोका मात्र रेघेवर अचानक सुरू होत नाही. दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये दाखवलं गेलं, की चाळीस ते सत्तर वयात ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला, की हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो.

घरी मोजलेल्याची रेघ १३५/८५. सात दिवस मोजा: सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. डॉक्टरांना ती वही दाखवा. दवाखान्यात जास्त आणि घरी नीट, किंवा दवाखान्यात नीट आणि घरी जास्त, दोन्ही प्रकार वहीतच पकडले जातात. पहिल्या खेपेला दोन्ही दंडांवर मोजा. फरक दहाच्या वर असेल तर पुढे जास्त येतो तोच हात धरा.

‘शंभर अधिक वय’ हा हिशोब विसरा. वयाने महाधमनी ताठर होते, वरचा चढतो, खालचा उतरतो, हे घडतं. पण सत्तरीला १७० म्हणजे निरोगी नव्हे. १६४/७० मध्ये खालचा आकडा पाहून समाधान मानू नका. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असंही नाही. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी बीपी चढतं. मीठ दिवसाला एकूण पाच ग्रॅमच्या आत, पापड-फरसाणातलं धरून.

१८०/१२० च्या वर आलं आणि छातीत दुखतंय, धाप आहे, बोबडी वळलीय, एक बाजू लुळी पडलीय, तर १०८ ला फोन करा. यातलं काही नसेल तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा, तितकंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जिभेखाली निफेडिपिनची (बीपी उतरवणाऱ्या औषधाची) कॅप्सूल फोडू नका. बीपी एकदम कोसळून मेंदूचा रक्तपुरवठा अडतो.

एक चिठ्ठी आलीय: “गोळीवर ११८/७४ येतं, बंद करू का?” नाही. गोळी चालू आहे म्हणून ते ११८ आहे. पण उठल्यावर चक्कर येत असेल तर बसून मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ते तिन्ही आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या. गोळीचा डोस कमी करायचा की वेळ बदलायची, ते त्यावरून ठरेल.