सॅम्पल मशीनच्या आधी हातातच बिघडतं

(डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

मी एका आजींच्या सॅम्पलपासूनच सुरू करते. नोकरीला लागून मला तीन-चार महिने झाले असतील. सकाळची ओपीडी, बाहेर ही लाईन, आणि आजींचं रक्त प्लेन बल्बला, म्हणजे रक्त गोठू न देणारं काही नसलेल्या नळीला, कमी पडलं. त्यांची शीर सापडायलाच इतका वेळ लागला होता की परत टोचायचं जीवावर आलं, म्हणून मी जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए बल्बमधलं थोडं रक्त प्लेनमध्ये ओतलं. वाटलं, रक्त तर त्यांचंच आहे ना. रिपोर्ट आला, पोटॅशियम आठच्या वर आणि कॅल्शियम चारच्या आसपास. डॉक्टर धावत आले कारण इतकं पोटॅशियम खरंच असेल तर हृदय कधीही थांबू शकतं, आणि आजी बाहेर बाकड्यावर बसून चहा पीत होत्या, ईसीजी एकदम नॉर्मल. आमच्या सिनियर सरांनी फक्त रिपोर्ट बघितला आणि मला विचारलं, "कुठल्या बल्बमधून ओतलंस?"

त्यांना कसं कळलं ते बघा. जांभळ्या बल्बमध्ये जे ईडीटीए असतं ते पोटॅशियमचं मीठ असतं, आणि ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून तर रक्त गोठत नाही. म्हणजे त्यातलं थोडं जरी दुसऱ्या बल्बमध्ये गेलं तरी पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली. मशीनने जे दिलं ते बरोबर मोजलं, चूक माझ्या हातात झाली होती. सरांनी सॅम्पल परत घ्यायला लावलं, आजींना दुसऱ्यांदा टोचावंच लागलं, आणि ते मी अजून विसरले नाहीये.

बल्ब भरायचा क्रम यासाठीच आहे. ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) असेल तर ते सगळ्यात आधी, मग फिकट निळा सायट्रेट, मग लाल (तोच प्लेन) किंवा पिवळा, हिरवा हेपारिन असेल तर तो, मग जांभळा आणि शेवटी राखाडी फ्लोराईड. निळ्या बल्बला रेषेपर्यंतच भरा, तिथे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेलं असतं, कमी भरलं तर पीटीचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा, रिपोर्ट उगाच लांबलेला येतो आणि पेशंटची औषधं बदलली जातात. भरला की बल्ब हळूच उलटासुलटा करायचा, जांभळा आठ-दहा वेळा, निळा तीन-चार वेळा. खळाखळा हलवायचा नाही, लाल पेशी फुटतात, हिमोलाईज होतं, आणि पेशीतलं पोटॅशियम बाहेर येऊन परत तोच गोंधळ. सिरिंजने काढत असाल तर दट्ट्या जोरात ओढू नका, आणि रक्त सुईतून बल्बमध्ये दाबून तर अजिबात घालू नका.

आता टोचण्याच्या आधीचं. पेशंटला "तुम्ही अमुक अमुक ना?" असं विचारू नका, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि आपल्याकडे एका वॉर्डात एकाच आडनावाचे तिघं सहज निघतात. "पूर्ण नाव सांगा, वय सांगा" असं विचारायचं आणि फॉर्मशी, केस नंबरशी ताडायचं. लेबल रक्त काढल्यावर लगेच, पेशंटसमोर, तिथेच लावायचं. ट्रेमध्ये दहा बल्ब जमवून टेबलावर जाऊन लेबलं चिकटवणारी माणसं मी बघितलीयेत आणि क्रॉसमॅचच्या, म्हणजे चढवायचं रक्त जुळतं का बघायच्या, सॅम्पलमध्ये असं झालं तर चुकीच्या गटाचं रक्त चढून माणूस जातो हो.

शीर डोळ्याने शोधू नका, बोटाने शोधा. कोपराच्या खोबणीत मधली शीर सगळ्यात चांगली, आतल्या बाजूच्या शिरेजवळ धमनी आणि मज्जातंतू दोन्ही असतात म्हणून ती शेवटचा पर्याय. पट्टा चार बोटं वर बांधा आणि एक मिनिटाच्या आत सोडा. मूठ नुसती आवळून धरायला सांगा, उघड-मीट उघड-मीट करायला लावलं की पोटॅशियम वाढतं. स्पिरिट लावल्यावर फुंकर मारू नका, तीस सेकंद वाळू द्या, ओल्या स्पिरिटवर टोचलं तर पेशंटला झोंबतं आणि पेशीही फुटतात. सलाईन चालू असलेल्या हातातून घ्यायचं नाही, ज्या बाजूच्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय त्या हातातूनही शक्यतो नाही. आणि कुणी म्हणालं की मला रक्त बघून चक्कर येते, तर त्याला आडवं करूनच घ्या.

शुगरसाठी राखाडी बल्ब का, तर रक्त बल्बमध्ये गेलं तरी पेशी जिवंतच असतात, साखर खात राहतात, साध्या बल्बमध्ये तासाला पाच-सात टक्के साखर कमी होते. खेड्यातल्या कॅम्पवरून सॅम्पल दुपारी तालुक्याला पोचतं तेव्हा हे किती महत्त्वाचं ते तुम्हीच बघा. पण म्हणून सगळंच बर्फात घालू नका, पोटॅशियमसाठीचं रक्त मशीनवर फिरवून पेशी वेगळ्या करायच्या आधीच गार केलं तर आकडा खोटा वाढतो. बाळाच्या काविळीचं सॅम्पल उजेडापासून झाकून न्या, बिलिरुबिन उजेडाने कमी होतं.

आणि तुमचा स्वतःचा हात. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, सुई थेट पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर जखम दाबू-पिळू नका, साबणपाण्याने धुवा आणि लगेच सांगा, लाजू नका, एचआयव्हीचं औषध शक्यतो दोन तासांत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतं. त्याहून मोठा धोका हिपॅटायटिस बीचा आहे, लस घेतलेली नसेल तर तीस टक्क्यांपर्यंत. ज्यांचे तीन डोस झालेले नाहीत त्यांनी जाताना माझ्याकडे नाव लिहून द्या.

आता जोड्या करा. सुई आज कुणाच्या हातात देणार नाहीये. पट्टा बांधा, डोळे मिटा आणि समोरच्याची शीर नुसत्या बोटाने शोधा, आणि एक मिनिट झालं की मी सांगते, पट्टा सोडायचा.