अर्धशिशी आणि भुवईवरचं यंत्र

नमस्कार, श्रोतेहो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, आणि झोका सोडून अंधाऱ्या खोलीत ओढणीने कपाळ आवळून पडते. भुसावळ-जळगावचा पारा तेव्हा पंचेचाळिशीला टेकलेला. "ऊन लागलं असेल," म्हणून घरचे मोकळे होतात. उन्हाने अर्धशिशी चाळवते हे खरं, पण उपासाने, जागरणाने, पाळीनेही चाळवते. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय, त्यातले निदान 8 दिवस अर्धशिशीचे, आणि हे तीन महिन्यांहून अधिक चाललंय, तर आजार जुनाट झाला असं आम्ही डॉक्टर समजतो.

अशा रुग्णांसाठी आता सुई न टोचता नसेला सौम्य वीज देणारी यंत्रं आली आहेत. भुवईवर, नाकाच्या बाजूला बोट ठेवून जरा दाबा. बऱ्याच जणांना हाडात खाच लागेल. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेची फांदी तिथूनच कपाळावर चढते. 'सेफॅली' हे यंत्र नेमकं तिथे बसतं. कपाळाला एक चिकटपट्टी, तिच्यावर लोहचुंबकाने धरलेलं तळहातात मावेल एवढं यंत्र. डोकेदुखी टाळायची तर रोज 20 मिनिटं. आधी मुंग्या येतात, मग टोचल्यासारखं होतं. काहींना ते सहनच होत नाही. चार्ज करून ठेवलं की भारनियमनातही चालतं, आपल्याकडे हेही पाहावं लागतं!

दुसरं 'नेरिव्हिओ'. डोकं दुखायला लागलं की दंडाला बांधायचं, मोबाईलवरून 45 मिनिटं चालवायचं. दंडाकडून आलेल्या झिणझिण्यांमुळे मेंदूची स्वतःची वेदना दाबणारी यंत्रणा जागी होते.

गुण येतो का? सेफॅलीचा बेल्जियममध्ये झालेला अभ्यास 2013 साली छापून आला. रुग्ण 67. खरं यंत्र वापरणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे 38 जणांचे अर्धशिशीचे दिवस निम्म्यावर आले, तुलनेसाठी दिलेल्या खोट्या यंत्राने 12 जणांचे. पण ते अधूनमधून दुखणारे रुग्ण होते. जुनाट दुखण्यात पुरावा तोकडा आहे, म्हणून मी औषधं बंद करून यंत्र घ्या असं सांगत नाही. ही यंत्रं स्वस्तही नाहीत.

त्याआधी माझा प्रश्न वेगळाच असतो: मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या महिन्यात किती दिवस घेता? साध्या वेदनाशामक गोळ्या 15 दिवस, एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या 10 दिवस, असं महिनोन्‌महिने चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहतं. तिथे यंत्र काय करणार?

पेसमेकर असेल किंवा डोक्यात धातूचं काही बसवलेलं असेल, तर ही यंत्रं नकोत. कंबरदुखीचं बाजारातलं यंत्र कपाळाला लावू नका. आणि डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, तर थेट मोठं रुग्णालय गाठा.

बाकीच्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुखलेल्या दिवसाला फुली मारा, गोळी घेतली तर गोल करा. दाखवायला याल तेव्हा ती पानं आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत आणा. नमस्कार.