हातातून सुटलेला चेंडू

मित्रहो, नवा गोलकीपर पहिल्यांदा उतरतो तेव्हा आपण त्याला बघतच नाही, स्कोअर बघतो. दोन गोल खाल्ले, म्हणजे पोरगा कच्चा. स्ट्रायकरनं पाच संधी घालवून सहावी साधली तर तो हिरो. गोलकीपरनं पाच अडवून सहावा सोडला तर... असो, हे रडगाणं जुनंच आहे.

2011 चा ऑगस्ट आठवा. लंडनच्या वेम्बलीवर कम्युनिटी शील्ड, म्हणजे इंग्लिश हंगामाच्या तोंडावरचा चषकाचा सामना, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध मँचेस्टर सिटी. युनायटेडचा चाळिशीतला गोलकीपर व्हॅन डर सार निवृत्त झालेला, त्याच्या जागी वीस वर्षांचा डेव्हिड डे हेया. फ्री किकवर सिटीच्या लेस्कॉटचं हेडर आत गेलं, तेव्हा हा रेषेवरच खिळलेला. हाफटाइमच्या तोंडावर झेकोनं लांबून मारला, तोही आत. युनायटेडनं सामना 3-2 असा फिरवला खरा. पण आठवड्याभरात वेस्ट ब्रॉमच्या शेन लाँगचा साधासा फटका त्याच्या हाताखालून निसटला आणि ‘हा चालणार नाही’ असा बोभाटा झाला.

आता हे तीन गोल एकाच मापानं मोजायचे का? सगळ्यात हसं झालं ते तिसऱ्याचं. मला मात्र त्याची चिंता सगळ्यात कमी वाटते. असा चेंडू चांगल्या चांगल्यांच्या हातून एखादे वेळी सुटतो. लेस्कॉटचा गोल वेगळा. तिथे हात चुकले नाहीत, निर्णय अडकला: पुढे यायचं की थांबायचं? ही दुविधा दर कॉर्नरला परत येते आणि समोरच्या संघाला तिचा वास लगेच लागतो.

आणखी एक गोष्ट बघा, टीव्हीवर ती सहज निसटते. फटका बसतो त्या क्षणी गोलकीपरचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर आहेत का? गोल 7.32 मीटर रुंद. पाय हलते असले तर झेप उशिरा निघते, आणि आपण म्हणतो, ‘हात पोचला नाही.’ हातांचा काय दोष!

उलटंही घडतं. सप्टेंबर 1999 मध्ये मासिमो ताइबी युनायटेडकडून पहिल्यांदा उतरला, तोही लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्डवर. त्यांच्या हूपियाच्या गोलला त्याची चूक होती, पण पुढे त्यानं असे चेंडू अडवले की सामनावीर ठरला. दोनच आठवड्यांत साउदम्प्टनच्या ल टिसिएचा रेंगाळत आलेला फटका त्याच्या पायांमधून गेला. लीगचे चार सामने, की युनायटेडसाठी संपला. डे हेया? तो बारा हंगाम टिकला.

म्हणून नव्या गोलकीपरबद्दल कुणी विचारलं, की दुसऱ्या सामन्यातला पहिला कॉर्नर येईपर्यंत मी गप्प बसतो. तो पुढे येतो की रेषेवर थांबतो, तेवढं बघतो.