'फाईल' आणि 'मध्ये' यांच्यातला स्पेस

स्क्रीनवर दिसतेय ती साधी टेक्स्ट फाईल आहे, नोटपॅडमध्येपण उघडेल. वर मथळा, मथळ्याखाली बरोबरच्या चिन्हांची रांग, आणि एका शब्दाला दोन्हीकडून दोन-दोन स्टार, म्हणजे तो शब्द बोल्ड. असं लिहायच्या पद्धतीचं नाव रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट. डेव्हिड गुडजरने २००१ मध्ये आणलं, मार्कडाऊन या अशाच दुसऱ्या पद्धतीच्या तीन वर्षं आधी, आणि आज पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं अधिकृत डॉक्युमेंटेशन यातच लिहितात, लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचंसुद्धा. मूळ कल्पना एकदम भारी होती, की कॉम्प्युटरने पानं सजवायची ती सजवू देत, पण कच्ची फाईलसुद्धा माणसाला सरळ वाचता आली पाहिजे.

आता मराठीत लिहून बघू. फाईलमध्ये, त्यातल्या फक्त 'फाईल'ला दोन्हीकडून स्टार.

बोल्ड झालंच नाही, उलट पानं सजवणाऱ्या प्रोग्रामकडून वॉर्निंग आली की स्टार सुरू झाले पण बंद कुठे झाले ते सापडत नाही. नियम असा आहे की बंद होणाऱ्या स्टारनंतर स्पेस तरी हवा नाहीतर विरामचिन्ह तरी. नियम उगाच नाही केलेला, कोणी मजकुरात २*३*४ लिहिलं तर एकेका स्टारमुळे मधला तीन तिरका होऊ नये ना. इंग्रजीत हे खपून जातं कारण तिकडे 'मध्ये' आधी येतं आणि सुटं उभं राहतं. आपल्याकडे ते नामाला चिकटतं, फोल्डरला, बटणावर, कमांडने, सर्व्हरकडून, म्हणजे मॅन्युअलमध्ये ज्या शब्दाला बोल्ड करायचं नेमकं त्यालाच शेपूट.

यावर उपाय आहे, स्टारनंतर बॅकस्लॅश आणि एक स्पेस टाकायचा, छापताना दोन्ही गायब होतात. म्हणजे 'फाईल'चे स्टार संपले की \ , मग स्पेस, मग 'मध्ये'. चालतं, पण अशी वीस वाक्यं सलग वाचून दाखवा मला. जपानी-चिनीसाठी हा नियम सैल करणारी एक सेटिंगपण आहे, ती आपल्यालाही चालते, फक्त आपणहून चालू करावी लागते.

मथळ्याखालची रांग मथळ्याइतकी तरी लांब पाहिजे. 'स्थापना' आपण तीन अक्षरं मोजतो, प्रोग्राम हलंत सोडून देतो पण काना वेगळा धरतो, त्याची होतात सहा. तीनच चिन्हं दिली तर तो त्याला मथळा मानतच नाही. आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाईप करणाऱ्यांचं तर विचारूच नका, शिफ्ट आणि आठ दाबलं की स्टारच्या जागी 'श्र' येतो.

पण मला खरा रस होता लोकलायझेशनमध्ये, म्हणजे हे सगळं आपल्या भाषेत आणण्यात. टीप, इशारा वगैरे चौकटींच्या नावांचं भाषांतर करायची सोय यात आहे, जर्मन माणूस 'वार्नुंग' लिहू शकतो. अशा नऊ चौकटी आहेत. मराठी यादी करायला बसलो तर पहिलीच अडचण, इंग्रजी 'नोट'ला टीप म्हणायचं तर इंग्रजी 'टिप'ला काय म्हणायचं? त्याला 'युक्ती' दिलं. 'लक्षात ठेवा' आवडलं होतं पण नावात स्पेस चालत नाही.

यादी झाली, चौकट काढायला फाईलमध्ये दोन टिंबं, टीप, दोन कोलन असं लिहिलं आणि खाली मजकूर. आउटपुटमध्ये काहीच नाही. वॉर्निंगसुद्धा नाही, अख्खा परिच्छेद गायब. दुपार गेली शोधण्यात. हा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिलाय, आणि नाव ओळखायला तो पायथनचं रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र, वापरतो, त्याच्या लेखी शब्दात अक्षरं आणि आकडेच बसतात. वेलांटी त्याला अक्षर वाटत नाही, काना नाही, अनुस्वार नाही. 'ट'पाशीच नाव तुटलं, मग त्याने सगळ्याला कॉमेंट, म्हणजे न छापायची नोंद, समजून गपचूप बाजूला ठेवलं.

मग काय, काना-मात्रा-वेलांटी नसलेले शब्द शोधत बसलो, बालवाडीतल्या पहिल्या धड्यासारखे. मदत, खबर, भय. धोक्याच्या चौकटीला 'भय' लावून बघितलं. चाललं.