घाट चढायचा तर मिळून

(दृश्य: शीव. झुंजुमुंजु. रांगेने लावलेल्या जुन्या गाड्या, उघडी बॉनेटं.)

आज रविवार. व्हिंटेज कार क्लबची मंडळी लोणावळ्याला निघाली आहेत. जायचं जुन्या रस्त्याने आणि अंधार पडायच्या आत परतायचं.

कुणी ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघतंय, कुणी फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून त्याचा ताण तपासतंय. डिकीत पाण्याचे कॅन, ठिणगीसाठी लागणारे प्लॅटिनम पॉइंट आणि कंडेन्सर, तार, पक्कड आणि सुती फडक्यांचा गठ्ठा. ही फडकी घाटात लागणार आहेत.

यातल्या काही गाड्यांचं माहेर मुंबईच. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात आधी डॉज आणि प्लिमथ जुळवल्या, मग फियाट. दोन्ही ठिकाणं इथून जवळच.

निघताना क्रम ठरतो. सगळ्यात हळू चालणारी गाडी पुढे, आणि सगळ्यांच्या मागे मिस्त्री. हळू गाडी मागे ठेवली तर तिचा मालक इतरांना गाठायच्या घाईत इंजिन तापवतो. पुढे ठेवली की सगळे तिच्या चालीने चालतात. क्लबचा खरा अर्थ मला या रांगेत दिसतो.

(दृश्य: वाशीचा पूल, पनवेल, चौक. मग खोपोली.)

खोपोलीला सक्तीचा थांबा. इंजिनं निवू द्यायची, कारण आता बोरघाट. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, 1830 मध्ये, इथून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला.

चढ लागला की प्रत्येक गाडीचा स्वभाव कळतो. फोर्ड मॉडेल ए घ्या. तिची पेट्रोलची टाकी थेट पुढच्या काचेखाली. पेट्रोल वरून आपोआप उतरतं, त्यामुळे पंपच नाही. तिच्या आधीच्या मॉडेल टीची टाकी सीटखाली असायची. पेट्रोल कमी असेल तर उभ्या चढावर ते इंजिनपर्यंत पोचायचं नाही, म्हणून लोक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे!

फियाटचं दुखणं वेगळं. तिचा पंप इंजिनलाच चिकटलेला. चढावर इंजिन तापलं की नळीत पेट्रोलची वाफ होते, पंपाला ओढायला द्रव उरत नाही, आणि गाडी आचके देत बंद पडते. हा वेपर लॉक. आता ती फडकी निघतात. भिजवून पंपावर आणि नळीवर गुंडाळायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. एक गाडी थांबली की सगळी रांग थांबते. कुणी मागून येणाऱ्या ट्रकना हात दाखवत उभं राहतं, कुणी पाणी ओततं. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कुणी उघडत नाही. नव्या माणसाला हे पहिल्यांदा सांगितलं जातं.

(दृश्य: शिंगरोबाचं देऊळ.)

इथे वेग आणखी कमी होतो. इंग्रजांना घाटातून रेल्वेची वाट दाखवणारा धनगर शिंगरोबा, अशी त्याची कथा सांगतात. ट्रकवाले इथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. क्लबचे लोकही टाकतात, मनापासून.

(दृश्य: लोणावळा. झाडाखाली गाड्या, चहा.)

गप्पा सुरू होतात त्या रबराच्या नळ्यांवरून. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर, कार्ब्युरेटरमधले (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातले) बुचाच्या लाकडाचे फ्लोट, म्हणजे तरंगे, आणि सांध्यांतली गॅस्केट त्याला टिकत नाहीत. कुणी कुठली नळी बदलली, कार्ब्युरेटर कुणी उघडला, हे ज्ञान इथे चहासोबत वाटलं जातं. एकट्याने गॅरेजमध्ये बसून ते मिळवायला वर्षं जातील.

कायद्याचीही बाजू आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. तो घेतला की रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर काढता येते. त्यामुळे अशा गाड्यांना रॅलीची वाट बघावी लागते, आणि उभी राहिलेली गाडी आतून गंजते.

(दृश्य: परतीची तयारी.)

परतीला उशीर चालत नाही. सहा व्होल्टच्या बॅटरीवरचे दिवे मिणमिणते, ब्रेक ड्रमचे. मॉडेल एच्या ब्रेकना तर फक्त लोखंडी सळ्या, तेलाचा दाब नाहीच. म्हणून ज्या गियरमध्ये चढलो त्याच गियरमध्ये उतरायचं, ब्रेकवर भार टाकायचा नाही.

खालचा गियर टाकायलाही हात बसलेला लागतो. क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला हलका झटका, पुन्हा क्लच, मग गियर. वेळ चुकली की गियरबॉक्स करकरतो. उतारावर जुनी माणसं स्टिअरिंग मुलांच्या हाती देत नाहीत. शेजारी बसवतात आणि प्रत्येक गियरला त्यांचा हात लिव्हरवर ठेवायला लावतात.

पुढच्या खेपेला चढ त्यांचा.